गॅस गिझर दर हिवाळ्यात मध्येच विझतो? आधी तो कितव्या मिनिटाला विझतो ते मोजा

आमच्या नाशिकच्या घरातला गॅस गिझर सलग चार हिवाळे एकाच तऱ्हेने छळत होता. दिवाळीच्या सुमारास सुरुवात व्हायची. पाणी छान कढत यायचं, अंगाला साबण लागलेला असायचा आणि गिझर विझायचा. नळ बंद करून पुन्हा सोडला की टिकटिक व्हायची, पेटायचा, थोड्या वेळाने पुन्हा विझायचा. होळी झाली की तक्रार आपोआप संपायची. मग आम्हीही विसरून जायचो, ते पुढच्या अभ्यंगस्नानापर्यंत.

या चार हिवाळ्यांत सेल किती वेळा बदलले ते आठवत नाही. आतलं रबर दोनदा बदललं, एकदा अख्खा कंट्रोल बॉक्स बदलला. दुरुस्तीवाले दादा यायचे, गिझर उघडायचे, काहीतरी बदलायचे आणि त्यांच्यासमोर गिझर दहा-बारा मिनिटं बिनतक्रार चालायचा. ते गेले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्यांनी फसवलं असं मी म्हणणार नाही. बदललेले भाग खरोखरच थकलेले होते. पण दुखणं दुसरीकडेच होतं, आणि ते सापडायला आम्हाला चार वर्षं लागली याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पुढे वाचण्याआधी एक गोष्ट. तुमचा गिझर बाथरूमच्या आत असेल आणि घरात कुणाला अंघोळीनंतर डोकं जड होणं, गरगरणं, मळमळणं असा त्रास होत असेल, तर गिझर आजच बंद करा आणि आधी ‘पाच ते आठ मिनिटांनी विझतो’ हा भाग वाचा. बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

आत काय चालतं

नळ सोडला की पाणी गिझरमधून वाहायला लागतं. त्या दाबाने आतली रबराची पातळ चकती, म्हणजे डायफ्रॅम, एका बाजूला ढकलली जाते. तिला टेकलेली पिन सरकते आणि एक छोटा स्विच हलतो. स्विच हलला की दोन मोठ्या सेलच्या ३ व्होल्टवर कंट्रोल बॉक्स जागा होतो. तो टिकटिक ठिणगी पाडतो आणि गॅसची झडप उघडतो. ज्योत पेटल्यावर तिच्यात उभी असलेली धातूची काडी ‘ज्योत आहे’ अशी खबर बॉक्सला देत राहते. ही खबर थांबली की बॉक्स झडप मिटतो. बर्नरच्या वर तांब्याच्या नळ्या आणि पत्र्यांचा डबा असतो, त्यातून जाताना पाणी तापतं. डबा प्रमाणाबाहेर तापला तर त्यावरचा वेगळा स्विच गॅस तोडतो. शिवाय बऱ्याच गिझरना २० मिनिटांचा टायमर असतो.

म्हणजे गिझर विझायला कारणं मोजकीच आहेत. पाणी कमी पडलं, सेल दमले, ज्योत दिसेनाशी झाली, डबा तापला किंवा वेळ संपली. आणि ज्योत दिसेनाशी झाली तर त्यामागे एक तर गॅस असतो किंवा हवा. यातलं प्रत्येक कारण आपापल्या वेळेला गिझर विझवतं. आपण दुरुस्तीवाल्यांना फोनवर ‘गिझर विझतो’ एवढंच सांगतो आणि ते बिचारे अंदाजाने भाग बदलत राहतात. मोबाइलवर वेळ लावून बसा, तीन दिवस कॅलेंडरच्या मागे आकडे लिहा. दार उघडं होतं की बंद, कितवी अंघोळ होती, स्वयंपाकघरातला नळ चालू होता का, हेही लिहा.

टिकटिकच होत नाही

पहिला संशय सेलवर. दोन्ही सेल एकदम बदला, एक जुना एक नवा अशी जोडी लावू नका. स्वस्तातले साधे सेल थंडीत लवकर मान टाकतात, अल्कलाइन जास्त टिकतात. सेलच्या खोबणीतल्या पत्र्यांवर पांढरी किंवा हिरवट भुकटी साचली असेल तर बारीक पॉलिश पेपरने घासून कोरडी पुसा.

सेल नवे आणि तरीही शांतता, तर प्रश्न पाण्याचा आहे. आमच्याकडच्या बैठ्या घरांमध्ये आणि रो-हाऊसमध्ये हा प्रश्न फार आहे, आणि तो साध्या गणिताचा आहे. बहुतेक गिझरना पेटायला कमीत कमी ०.२ बारच्या आसपास दाब लागतो. १० मीटर उंचीवरून पाणी आलं की १ बार दाब मिळतो, म्हणजे ०.२ बारसाठी टाकीतल्या पाण्याची पातळी गिझरपासून किमान २ मीटर, साडेसहा फूट वर हवी. आता वरच्या मजल्यावरचं बाथरूम घ्या. स्लॅब १० फुटांवर, गिझर ५ फुटांवर टांगलेला, टाकी स्लॅबवर विटांच्या दोन थरांवर ठेवलेली. टाकी भरलेली असताना गिझर पेटेल, अर्धी झाली की कुरकुर करेल, तळाला गेली की पेटणारच नाही. हाच गिझर खालच्या मजल्यावर लावला तर वर्षभर तक्रार करणार नाही. ‘सकाळी सहाला चालतो, नऊला चालत नाही’ असं कुणी म्हटलं की मी आधी टाकी बघायला सांगते. टाकी लोखंडी स्टँडवर तीन-चार फूट उचलणं हा पंपापेक्षा स्वस्त आणि टिकाऊ उपाय आहे.

दुसरी जागा म्हणजे पाणी गिझरमध्ये शिरतं तिथली छोटी जाळी. पावसाळ्यात पाणी गढूळ येतं, किंवा दुरुस्तीसाठी शहराचा पुरवठा एक दिवस बंद राहतो आणि दुसऱ्या दिवशी पाइपातला सगळा गाळ घेऊनच पाणी येतं. तो गाळ टाकीत आणि टाकीतून या जाळीत. कॉक बंद करा, नट सोडवा, जाळी जुन्या टूथब्रशने घासा. पाच मिनिटांचं काम आहे आणि निम्म्या तक्रारी इथे मिटतात असा माझा अनुभव आहे.

टेलिफोन शॉवर लावला असेल तर तोही काढून बघा. त्याची भोकं क्षाराने बुजतात, पाणी अडतं आणि गिझरला वाटतं नळच बंद आहे. शॉवर काढून थेट बादलीत पाणी सोडा. १५ लिटरची बादली भरायला पाच मिनिटांहून जास्त लागत असतील, तर प्रवाहच गिझर पेटण्याच्या काठावर आहे.

आणि विसण! हे कुठल्याच माहितीपुस्तकात नसतं. आपल्याकडे गिझरचं पाणी कढत करून बादलीत सोडायचं आणि शेजारचा गार पाण्याचा नळ सोडून विसण घालायचं ही रीत. दोन्ही नळ एकाच पाइपातून पाणी घेत असतात. गार नळ सोडल्याक्षणी गिझरकडचा दाब पडतो आणि गिझर विझतो. मग आपण म्हणतो गिझर खराब. गॅसची कळ कमी करून अंघोळीला लागेल तेवढंच तापलेलं पाणी घ्या, विसणाची गरजच पडणार नाही, आणि गॅसही वाचेल.

हे सगळं ठीक असेल तर रबर फाटलेलं किंवा ताठ झालेलं असतं. ते दुरुस्तीवाल्यांकडूनच बदलून घ्या. पाण्याचा आणि गॅसचा भाग तिथे एकमेकांना चिकटून असतात, बसवताना चूक झाली तर गळती होते.

टिकटिक होते, पेटत नाही

गॅस पोहोचत नाही. सिलिंडरचा खटका, नळीला पडलेली घडी, नवा सिलिंडर लावल्यावर नळीत अडकलेली हवा. एवढं तपासून दोन-तीनदा नळ बंद-चालू केला की बहुतेक वेळा पेटतो.

थंडीत मात्र आणखी एक कारण असतं. सिलिंडरमध्ये गॅस द्रवरूपात असतो आणि त्याची वाफ होऊन तो वर येतो. वाफ होताना तो सिलिंडरचीच उष्णता ओढून घेतो. एलपीजीत प्रोपेन आणि ब्यूटेन असतात. त्यातलं ब्यूटेन शून्य अंशाच्या जवळ आलं की वाफ व्हायला जवळजवळ नकार देतं. नाशिकला पहाटेचा पारा १० अंशांखाली जाणं नवीन नाही, निफाडकडे तर आणखी खाली जातो. त्यात गिझर हा शेगडीपेक्षा कितीतरी खादाड. मिनिटाला ६ लिटर पाणी तापवणारा गिझर पूर्ण जोरात चालला तर तासाला पाऊण ते एक किलो गॅस ओढतो. संपत आलेला सिलिंडर आणि एकामागून एक चार अंघोळी असतील तर सिलिंडर हाताला बर्फासारखा लागतो, बाहेरून घाम फुटतो आणि ज्योत बारीक होत विझते. अर्धा तास थांबलं की पुन्हा चालतो. सिलिंडरवर गरम पाणी ओतणं, तो आडवा करणं, त्याच्याजवळ हीटर ठेवणं हे प्रकार मी शेजारीपाजारी पाहिले आहेत. कृपया असं करू नका. सिलिंडर कायम उभा असावा, आणि संपत आलेला सिलिंडर थंडीत शेगडीला लावून भरलेला गिझरला द्यावा, एवढं पुरतं.

गिझर उशिरा, ‘भप्’ असा आवाज करून पेटत असेल तर तो वापरूच नका. ठिणगी वेळेवर पडत नाही, तोवर आत गॅस साचतो आणि मग एकदम भडकतो. बर्नरवरची काजळी आणि ठिणगीच्या काडीची जागा तज्ज्ञ माणसाकडून तपासून घ्या.

पेटतो आणि चार-पाच सेकंदांत विझतो

ज्योतीची खबर देणारी काडी काजळली किंवा वाकली आहे. ज्योत पेटलेली आपल्याला दिसते, पण बॉक्सला कळत नाही. गॅस बंद करून, सेल काढून, गिझर पूर्ण गार झाल्यावर ती काडी कोरड्या फडक्याने आणि अगदी बारीक पॉलिश पेपरने हलकेच पुसायची. वाकवायची नाही. दमलेले सेलही असंच करतात. ठिणगी पाडण्याएवढी ताकद असते, झडप उघडी धरून ठेवायला पुरत नाही. आधी सेल बदलून बघा.

या ठिकाणी काही जण ‘सेन्सर डायरेक्ट करून देतो’ म्हणतात, म्हणजे ज्योतीवरचा त्या काडीचा पहाराच काढून टाकतात. आम्हालाही एकांनी तसं सुचवलं होतं. नाही म्हणा. तेवढ्याने तुमची तक्रार जाईल, पण ज्योत विझल्यावर गॅस तसाच वाहत राहील.

मिनिट-दोन मिनिटांत विझतो, पाणी आधी चटके बसावेत इतकं तापतं

हा क्षाराचा प्रताप. गंगापूर धरणाचं पाणी या बाबतीत बरंच सौम्य आहे. पण शहराच्या कडेच्या नव्या वसाहतींमध्ये बोअरवेलवर दिवस काढावे लागतात. आपल्या काळ्या पाषाणातून आलेलं ते पाणी जड असतं. बादलीच्या काठावर पांढरी रेघ आणि साबणाला फेस नाही, ही त्याची ओळख. तापल्यावर त्यातला चुना नळ्यांच्या आतून बसत जातो. नळीची वाट अरुंद होते, पाणी सावकाश जातं, डबा जास्त तापतो आणि सुरक्षेचा स्विच गॅस तोडतो. कान देऊन ऐका, चहाचं आधण येताना जसा सूं आवाज येतो तसा आवाज गिझरमधून येत असेल तर नक्की क्षार.

आम्ही वर्षातून एकदा, दसऱ्याच्या आधी, हे करतो. गॅस बंद, सेल बाहेर, पाण्याचा कॉक बंद. गिझरच्या दोन्ही नळ्या सोडवायच्या. किराणा दुकानात लिंबूफूल मिळतं, म्हणजे सायट्रिक ॲसिड. एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम विरघळवायचं. पाणी येण्याच्या तोंडाला बूच लावून दुसऱ्या तोंडातून नरसाळं आणि नळी लावून हे पाणी भरायचं. बुडबुडे येतात, तो चुना सुटत असतो. तासाभराने ओतून टाकायचं, गढूळ निघालं तर पुन्हा भरायचं, मग साध्या पाण्याने भरपूर धुवायचं. नळ्या जोडल्यावर पहिल्या दोन बादल्या झाडांना नाही, मोरीत. संडास धुण्याचं ॲसिड या कामाला कधीही वापरू नका, ते तांबं आणि त्यावरचे झाळलेले सांधे दोन्ही खाऊन टाकतं आणि नळी गळायला लागते.

पाच ते आठ मिनिटांनी विझतो

आता आमच्या घराची गोष्ट. इंदिरानगरमधलं रो-हाऊस, वरचं बाथरूम ५ बाय ७ फूट, गिझर आत, दाराच्या बाजूच्या भिंतीवर. मी तीन दिवस आकडे लिहिले. पहिली अंघोळ, दार बंद: ७ मिनिटं. दुसरी, दार बंद: साडेचार. चौथ्या दिवशी मुद्दाम दार सताड उघडं ठेवून नुसतं पाणी सोडलं. गिझर १५ मिनिटं चालला, मीच बंद केला.

तेव्हा लक्षात आलं की दुरुस्तीवाले दादा यायचे तेव्हा दार नेहमीच उघडं असायचं. त्यांची हत्यारांची पिशवीच दारात असायची. आणि हिवाळाच का, तर दिवाळीत थंडी सुरू झाली की आमचे हे वरच्या झरोक्याला पुठ्ठा आणि प्लास्टिक लावून घ्यायचे, आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, अंघोळीच्या वेळी गार झुळूक सोसत नाही म्हणून. होळीच्या साफसफाईत तो पुठ्ठा निघायचा.

गणित पाहा. एक किलो एलपीजी पूर्ण जळायला सुमारे १३ घनमीटर हवा लागते. आमचं बाथरूम ८ फूट उंचीचं धरलं तर त्यात जेमतेम ८ घनमीटर हवा आहे. सात मिनिटांत गिझर शंभरेक ग्रॅम गॅस जाळतो, म्हणजे खोलीतल्या प्राणवायूचा साधारण सहावा हिस्सा संपवतो. २१ टक्क्यांचा प्राणवायू साडेसतरावर येतो. आमच्या गिझरला प्राणवायू कमी झाल्यावर ज्योत बंद करणारी सोय होती. अशा हवेत ज्योत बर्नरवरून उचलली जाते, लांबोडकी आणि पिवळी होते, सेन्सरपासून सुटते आणि गॅस बंद होतो. चार वर्षं आम्ही ज्याला बिघाड समजून पैसे घालवत होतो, तो गिझर आम्हाला वाचवत होता.

पण ही सोय सगळ्या गिझरमध्ये नसते. असली तरी तिच्या भरवशावर राहता येत नाही. कारण ज्योत विझण्याच्या आधीच, हवा अपुरी पडायला लागते तेव्हापासूनच, कार्बन मोनॉक्साइड तयार व्हायला लागतो. या वायूला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसला जो उग्र वास येतो तो गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेला असतो. हा वायू जळण्यातून बनतो, त्यामुळे नाकाला काहीच कळत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, मग गरगरतं, पाय लुळे पडतात, आणि दाराची कडी काढायचं भान राहत नाही. गॅस गिझरच्या बाथरूममध्ये माणसं गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात कुठून ना कुठून वाचतो, त्या याच.

आई चारही हिवाळे अंघोळीनंतर पंधरा-वीस मिनिटं आडव्या पडायच्या. डोकं धरून. आम्ही सर्दी म्हणत होतो, बीपी म्हणत होतो. डॉक्टरांनी गोळी बदलून पाहिली होती. गिझर बाहेर काढला त्याच्या पुढच्या आठवड्यापासून त्या अंघोळ करून सरळ देवपूजेला बसायला लागल्या. त्या दिवशी मला जे वाटलं ते लिहिता येत नाही.

तेव्हा पाच-आठ मिनिटांनी विझणाऱ्या गिझरचे सेल बदलत बसू नका. दार उघडं ठेवून एकदा चालवून बघा. उघड्या दारात चालतो आणि बंद दारात विझतो असं दिसलं की निदान झालं. त्याला एकच उपाय आहे, गिझर बाथरूमच्या बाहेर काढणं. झरोका मोकळा करणं, एक्झॉस्ट पंखा लावणं हे बाहेर काढेपर्यंतचे चार दिवस. त्या चार दिवसांतही आधी दार उघडं ठेवून बादली भरून घ्यायची, गिझर बंद करायचा, हवा खेळू द्यायची आणि मगच अंघोळीला आत जायचं. नुसता एक्झॉस्ट लावून सगळं बंद ठेवलं तर आत हवा येणार कुठून? दाराखाली फट किंवा जाळी लागतेच.

कुणी आत कोसळलंच तर दार तोडा, गॅस बंद करा, माणसाला मोकळ्या हवेत आणा, १०८ला फोन करा आणि दवाखान्यात पोहोचल्यावर पहिलं वाक्य ‘गॅस गिझर चालू होता’ हे सांगा. करोनाच्या काळापासून घरोघरी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आहे, त्यावर विसंबू नका. कार्बन मोनॉक्साइडने भरलेलं रक्तही त्याला प्राणवायूचंच वाटतं, आकडा ९८ दाखवेल आणि माणूस संकटात असेल.

लहानपणी पंचवटीत आमच्या आजोळी तांब्याचा बंब होता. तो परसात, उघड्यावर पेटायचा, त्याला स्वतःचं धुराडं होतं, आणि पाणी बादलीने आत जायचं. आजीला कार्बन मोनॉक्साइड हा शब्द माहीत नव्हता, पण विस्तव न्हाणीघरात न्यायचा नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं.

बाहेर काढताना आणि काढल्यावर

आम्ही गिझर मागच्या धुण्याच्या जागेत लावला, सिलिंडरही तिथेच. गरम पाण्याचा पाइप भिंतीतून आत घेतला आणि त्यावर फोमची नळी चढवली. सुरुवातीचं थोडं पाणी गार येतं, ते पाय धुवायला. फ्लॅटमध्ये ड्राय बाल्कनी ही त्यातल्या त्यात बरी जागा, पण ती काचेने बंद करून घेतली असेल तर ती बाहेर राहिली नाही, खोलीच झाली. डक्टमध्येही लावू नका. तिथे वरच्या-खालच्या घरांच्या बाथरूमच्या खिडक्या उघडतात आणि आपला धूर त्यांच्याकडे जातो.

बाहेर काढल्यावर आमच्याकडे नवीच तक्रार सुरू झाली, यावेळी वैशाखात. गिझर पाच-दहा सेकंदांत विझायचा, तोही दुपारनंतरच. वाऱ्याचे झोत थेट बर्नरवर येत होते. वाऱ्याच्या बाजूला भिंतीपासून चार बोटं अंतर ठेवून पत्र्याचा एक आडोसा उभा केला, बाकी तिन्ही बाजू आणि वरची जागा मोकळी ठेवली. चारही बाजूंनी पेटी करून झाकू नका, हवेचा प्रश्न परत तिथेच येईल. पावसाळ्यासाठी वर फूटभर अंतरावर छोटं छप्पर केलं.

नळ बंद केल्यावरही ज्योत जळत राहिली तर ताबडतोब सिलिंडरचा खटका बंद करा आणि दुरुस्ती होईपर्यंत तो लावू नका. आत पिन अडकलेली असते. गॅसचा वास आला तर विजेचं बटण चालू किंवा बंद काहीही करायचं नाही, खिडक्या-दारं उघडायची, बाहेर जाऊन १९०६ या गळतीच्या क्रमांकावर फोन करायचा. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, त्यामुळे वास घ्यायला खाली वाका. नळी भगव्या रंगाची, आत तारेची जाळी असलेली आणि आयएसआय खुणेची घ्या, तिच्यावर छापलेली मुदत संपली की बदला. सांध्यांवर महिन्यातून एकदा साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का बघा.

आणि ज्यांच्याकडे पाइपाचा गॅस आला आहे त्यांनी सिलिंडरचा गिझर तसाच त्या पाइपाला जोडू नये. दोन्ही वायू वेगळे, दाब वेगळे, बर्नरच्या जेटची भोकं वेगळी. ज्योत पिवळी किंवा अगदी मलूल होते. जेट बदलून मिळत असतील तर कंपनीच्या माणसाकडूनच, नाहीतर पाइपाच्या गॅससाठी बनलेला गिझर घ्यायचा.

बरोबर विसाव्या मिनिटाला विझत असेल तर तो टायमर आहे. नळ बंद करून पुन्हा सोडा.

यंदा दसऱ्याला आम्ही क्षार काढला, जाळी धुतली, सेल बदलले आणि सेलच्या झाकणावर तारीख लिहून चिकटवली. झरोक्याचा पुठ्ठा आईंनी स्वतःच रद्दीत दिला.